कस्टम इन-इअर घ्यावेत की युनिव्हर्सल? आवाजातल्या फरकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात ऑर्केस्ट्रा, भावगीतं, अभंगवाणी असे कार्यक्रम करणाऱ्या गायक-वादकांच्या कानांत गेल्या काही वर्षांत इन-इअर, म्हणजे स्टेजवर आपला आणि साथीदारांचा आवाज ऐकायला कानात घालायचे छोटे इअरफोन, दिसायला लागले आहेत. मी की-बोर्ड वाजवतो आणि बऱ्याच कार्यक्रमांत मॉनिटरचा मिक्सही, म्हणजे कलाकारांना स्वतःला ऐकू येणाऱ्या आवाजाची जुळणीही, बघतो. त्यामुळे तालीम सुटल्यावर चहाच्या गाड्यावर एक प्रश्न हमखास येतो: कस्टम करून घेऊ का, आवाज खरंच तेवढा चांगला येतो का? त्या प्रश्नाची आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही घालून कार्यक्रम केले आहेत आणि एकदा कस्टमचं माप चुकल्याचा त्रासही भोगला आहे.

कस्टम आणि युनिव्हर्सल म्हणजे नेमकं काय?

युनिव्हर्सल म्हणजे दुकानात डब्यात मिळणारा इन-इअर. पुढे नळीसारखं तोंड असतं, त्यावर रबरी किंवा फोमची टिप. लहान, मध्यम, मोठी यांतली आपल्या कानाला बसेल ती लावायची. कस्टमला टिप नसते. तुमच्या कानाचा सिलिकॉनचा साचा घेतात आणि त्यावरून अख्खं कवच तुमच्याच कानाच्या आकाराचं घडवतात. डावं वेगळं, उजवं वेगळं, कारण आपले दोन कानही एकसारखे नसतात.

कानाच्या मशीनसाठी अशी कवचं आधीपासून बनत होती. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या अमेरिकी बँडचे मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी यांनी ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी इन-इअर बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. ड्रमच्या शेजारी बसून स्वतःच्या बँडचं नीट ऐकू यावं, एवढीच ती गरज होती. घरी निवांत गाणी ऐकण्यासाठी कस्टम जन्माला आलेले नाहीत, हे तुलना करताना ध्यानात ठेवा.

कस्टमचा आवाज युनिव्हर्सलपेक्षा चांगला असतो का?

नुसतं कस्टम आहे म्हणून आवाज चांगला होत नाही. कानात येणारा आवाज तीन गोष्टींवर ठरतो. कान हवाबंद झाला आहे का, आवाज सोडणारं तोंड कानाच्या पडद्यापासून किती अंतरावर आहे, आणि बनवणाऱ्याने आतल्या ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाचा, सूर कसा जुळवला आहे.

पहिल्या दोन गोष्टी कस्टममध्ये एकदा नीट जमल्या की दर वेळी तशाच राहतात. तिसरीचा कस्टम असण्या-नसण्याशी काही संबंध नाही. भिकार जुळवणीचं कस्टम असतं आणि अप्रतिम जुळवणीचं स्वस्त युनिव्हर्सलही असतं. टिप अचूक बसली असेल तर चांगल्या युनिव्हर्सलने वाईट कस्टमला मागे टाकलेलं मी स्वतः ऐकलं आहे. पण ती अचूक बसलेली टिप अडीच तासांच्या कार्यक्रमात, घामाने भिजलेल्या कानात, शेवटच्या गाण्यापर्यंत तशीच राहील का? पैसे भरायचे की नाही ते या प्रश्नावर ठरवा.

सील म्हणजे काय? त्याने आवाजात एवढा फरक का पडतो?

कान हवाबंद होणं म्हणजे सील. इन-इअरचा ड्रायव्हर इवलासा असतो. त्याला खर्ज देता येतो तो केवळ कानातली चिमूटभर हवा कोंडलेली असते म्हणून. कुठे बारीकशी फट राहिली की कमी कंपनांच्या स्वरांचा दाब तिथून निसटतो. वरचे स्वर मात्र तसेच ऐकू येतात. म्हणजे आवाज कमी झाल्यासारखा वाटत नाही, पातळ झाल्यासारखा वाटतो. तळातला बेस १०-१५ डेसिबलने सहज पडतो, आणि आपण बोल लावतो कंपनीला.

हे पडताळायचं असेल तर तबल्याचं एखादं रेकॉर्डिंग लावा. डग्ग्याचा घुमारा पूर्ण यायला हवा. डावा हात मनगट दाबून मींड काढतो ती शेवटपर्यंत ऐकू यायला हवी. आता इन-इअर बोटाने हलकेच आत दाबा. घुमारा एकदम वाढला, तर आत्तापर्यंत सील नव्हतं. आता बोट काढा, तोंड उघडा, 'आ' करा, मान डावीकडे-उजवीकडे वळवा. घुमारा येतो-जातो आहे? मग ती टिप तुमच्या कानाची नाही.

बहुतेक जण डब्यातून आलेली मधली टिप लावतात आणि पुन्हा तिच्याकडे बघत नाहीत. उजव्या कानाला मध्यम आणि डाव्याला मोठी, असंही चालतं. चालतं कसलं, अनेकांना तेच लागतं. कस्टमसाठी साठवलेल्या पैशांतले पाचशे-हजार रुपये आधी वेगवेगळ्या टिपांवर खर्च करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. फोमची टिप चिमटून बारीक करायची, कान मागे-वर ओढून आत सरकवायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायची. कित्येकांच्या हातून ती धरून ठेवायची पायरीच सुटते.

तोच इन-इअर मित्राला गोड लागतो आणि मला टोचतो. असं का?

यात मला सगळ्यात जास्त रस आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तंबोऱ्याला जवारी लावताना बघितलं असेल. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की तारेतला वरचा झंकार वेगळ्याच जागी खुलतो. तार तीच, सूर तोच, पण झंकाराचा रंग बदलतो. इन-इअर कानात किती खोल बसतो, त्याचंही असंच आहे.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. इन-इअरचं तोंड आणि पडदा यांच्यामध्ये जी हवा उरते, तिचा स्वतःचा एक सूर असतो. हिशोब सोपा आहे: आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले अंतराची दुप्पट. अंतर २ सेंटिमीटर असेल तर सुमारे साडेआठ हजार हर्ट्झ, आणि त्या जागी आवाजाला उंचवटा येतो. इन-इअर आणखी ५ मिलिमीटर आत गेला, अंतर दीड सेंटिमीटर झालं, की तोच उंचवटा साडेअकरा हजारांच्या आसपास सरकतो. गाणाऱ्या बाईंच्या 'स' आणि 'श'ची धार, झांजेची किनार, टाळांचा कडकडाट हे सगळं याच पट्ट्यातलं. साडेआठ हजारांवरचा उंचवटा थेट 'स'वर बसतो आणि कान टोचतो. तोच वर सरकला की मोकळेपणा वाटतो.

आता तुमची नळी मित्राच्या नळीपेक्षा आखूड किंवा लांब आहे, वळणं वेगळी आहेत, टिप वेगळ्या जागी अडते. मग दोघांना दोन आवाज ऐकू येतात आणि दोघेही खरंच सांगत असतात.

माझ्याकडे मिरजेत बनलेल्या एका तंबोऱ्याचं घरीच केलेलं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. कोणताही नवा इन-इअर आला की आधी ते लावतो. युनिव्हर्सल थोडा बाहेर ओढला की झंकारातला एकच पदर पुढे येतो आणि बाकीचे मागे पडतात. हळूहळू आत सरकवत गेलं की एका जागी सगळे पदर सारखे होतात. ती जागा सापडली की त्या खोलीवर थांबणारी टिप शोधायची. कस्टममध्ये ही जागा साचा घेतानाच ठरते. बरोबर ठरली तर रोज तोच झंकार. चुकीची ठरली तर रोज तीच चूक, आणि टिप बदलून सुटका नाही.

एकाच मॉडेलचे कस्टम आणि युनिव्हर्सल दोन्ही मिळतात. त्यांचा आवाज सारखाच असतो का?

जवळपास असतो, पण सारखा नाही. ड्रायव्हर तेच असले तरी ते कवचात कुठे बसतात ते तुमच्या कानाच्या आकारावर ठरतं. ड्रायव्हरपासून तोंडापर्यंत बारीक नळ्या जातात. त्यांची लांबी-रुंदी बदलली की वरच्या स्वरांचा तोल बदलतो. चांगले बनवणारे नळीत बारीक जाळीचे डँपर घालून हे सांभाळतात. पण दुकानात युनिव्हर्सल नमुना ऐकून कस्टमची ऑर्डर दिली आणि घरी आलेला आवाज थोडा वेगळा लागला, तर ती फसवणूक नसते. बेसचा स्वभाव आणि मधल्या स्वरांची ठेवण नमुन्यावरून कळते. वरच्या झंकाराबद्दल मात्र त्यावरून पक्कं मत करू नका.

जितके ड्रायव्हर जास्त, तितका आवाज चांगला?

नाही. शुअरच्या एसई८४६ मध्ये प्रत्येक कानाला चार ड्रायव्हर आहेत, सेनहायझरच्या आयई ९०० मध्ये एकच ७ मिलिमीटरचा. दोन्ही वरच्या दर्जाचे म्हणून ओळखले जातात. ड्रायव्हर वाढले की त्यांच्यात स्वरांची वाटणी करावी लागते आणि ती वाटणी नीट जमवणं अवघड असतं. आकडा जाहिरातीत छान दिसतो, पण त्यावरून कानाला काय मिळेल ते कळत नाही.

बाहेरचा गोंगाट कशात जास्त अडतो?

इथे पुष्कळांचा समज उलटा असतो. कंपन्यांचेच आकडे बघा. अल्टिमेट इअर्स आपल्या अ‍ॅक्रिलिक कस्टमसाठी २६ डेसिबल सांगते, आणि शुअर एसई२१५ या साध्या युनिव्हर्सलसाठी ३७ डेसिबलपर्यंत. हे सगळं नीट बसलं तरचं गणित आहे. फुगणारा फोम नळीच्या भिंतीला सगळीकडून चिकटतो. कडक अ‍ॅक्रिलिक चिकटत नाही, नुसतं टेकतं. त्यामुळे नुसता गोंगाट अडवण्यात खोल बसवलेली फोम टिप कस्टमला भारी पडू शकते.

फरक पडतो तो टिकण्यात. गणपतीच्या दिवसांत चौकातल्या स्टेजवर आपण उभे आणि पलीकडच्या गल्लीतून डॉल्बी येतोय, अशा वेळी एक टिप अर्धी सैल झाली की सगळं संपतं. हात की-बोर्डवर, टिप दाबायला तिसरा हात आणायचा कुठून? कस्टम हलत नाहीत, म्हणून तिथे मी कस्टमच घालतो.

इन-इअर घातल्यावर स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो. कस्टममध्ये तो प्रकार थांबतो का?

आपोआप थांबत नाही. आपण गातो तेव्हा आवाज हाडांतून आणि जबड्यातून कानाच्या नळीच्या बाहेरच्या मऊ भागापर्यंत पोचतो आणि तिथली भिंत थरथरते. एरवी हा दाब बाहेर निघून जातो. कानाचं तोंड बुजवलं की आत कोंडतो आणि आपलाच खर्ज घुमायला लागतो. नळीचा आतला भाग हाडाचा असतो. तिथपर्यंत जाऊन सील झालं तर घुमणं बरंच कमी होतं. ज्यांची नळी लांब ठेवली आहे, कानाच्या नळीला असणाऱ्या दोन वळणांपैकी दुसऱ्याच्या पुढे जाते, अशा कस्टममध्ये फायदा मिळतो. आखूड नळीच्या कस्टममध्ये मडकं तसंच राहतं.

गायकांना माझा सल्ला: मिक्समध्ये तुमच्या माइकचा खालचा भाग, १५०-२५० हर्ट्झच्या आसपास, थोडा उतरवायला सांगा. आणि प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवलेल्या दोन माइकचा आवाज हलकासा मिसळून घ्या. आपल्याकडचं पब्लिक वन्समोअर देताना आणि शिट्ट्या मारताना ऐकू आलं नाही तर गाणाऱ्याचा जीव रमत नाही. केशवराव भोसले नाट्यगृहात इन-इअर घालून वाजवलेला माझा पहिला कार्यक्रम मला आठवतो. आवाज स्वच्छ होता, पण ते थिएटरच गायब झालं होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीनंतर तर त्या रंगमंचाच्या लाकडाचा आवाज कानात साठवून ठेवला असता तर बरं झालं असतं, असं फार वाटतं.

कानाचा साचा कुठे आणि कसा घेतात?

कानाचं मशीन बसवून देणाऱ्या श्रवणतज्ज्ञांकडे. कोल्हापुरात ते आहेत, त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. मात्र इन-इअरचा साचा आणि कानाच्या मशीनचा साचा यांत फरक असतो, तो आधी बोलून घ्या.

आधी कान तपासतात. मळ असेल तर काढून घ्यावा लागतो. मग धाग्याला बांधलेला स्पंजचा छोटा बोळा आत सारतात, म्हणजे सिलिकॉन पडद्यापर्यंत जात नाही. हा बोळा दुसऱ्या वळणाच्या पुढे गेला पाहिजे. त्यानंतर पिचकारीने सिलिकॉन भरतात आणि घट्ट होईपर्यंत पाच-सात मिनिटं थांबतात. या वेळात तोंड किती उघडं आहे, त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

माझी चूक इथेच झाली. साचा तोंड मिटून घेतला गेला. मला माहीत नव्हतं, घेणाऱ्यांनीही विचारलं नाही. कस्टम घरी आलं तेव्हा खुर्चीत बसून ऐकायला सुरेख. पहिल्या तालमीत कोरससाठी तोंड उघडलं आणि उजव्या कानातला बेस गेला. मिटलं की आला. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला लागूनच असतो, तोंड उघडलं की नळीचा आकार बदलतो. मिटल्या तोंडाच्या मापाचं कवच उघड्या तोंडाला सैल पडलं. पुन्हा साचा, पुन्हा कुरिअर, पुन्हा वाट, आणि त्या सगळ्या काळात हाताशी आलेले कार्यक्रम जुन्या युनिव्हर्सलवर.

म्हणून गाणाऱ्यांनी आणि बासरी-सनई वाजवणाऱ्यांनी दातांमध्ये ठोकळा धरूनच साचा घ्यायला सांगावं. साचा हातात आला की नीट बघा: दोन्ही वळणं स्पष्ट दिसतात का, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे आहेत का. शंका असेल तर तिथेच दुसरा घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. साच्यात खोट असेल तर पुढे कंपनी कितीही मोठी असली तरी तीच खोट कवचात उतरते.

अ‍ॅक्रिलिक चांगलं की सिलिकॉन?

सिलिकॉन जबड्याबरोबर थोडं वाकतं, सील जास्त टिकतं. अ‍ॅक्रिलिक टिकाऊ, दुरुस्तीला सोपं, घालायला-काढायला झटपट. बहुतेक कंपन्या अ‍ॅक्रिलिक किंवा तशाच कडक रेझिनमध्ये बनवतात.

एक गैरसमज मात्र काढून टाका. आपल्याकडे चप्पल लाईनमधून नवी चप्पल घेतली की ती आधी चावते आणि मग पायाचा आकार घेते, म्हणून लोक मला म्हणतात, 'घालून घालून बसेल हो.' चामडं बसतं, अ‍ॅक्रिलिक बसत नाही. पहिल्या आठवड्यात नवेपणाचा थोडा दाब जाणवणं ठीक आहे. त्यानंतरही एका जागी दुखत असेल किंवा लाल होत असेल, तर तिथल्या खुणेचा फोटो काढून कंपनीला पाठवा.

घरी दोन्हींची खरी तुलना कशी करायची?

पहिली अट, आवाजाची पातळी सारखी हवी. एका डेसिबलने मोठं असलेलं आपल्याला मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. मीही यात फसलो आहे. माझं कस्टम तेवढ्याच व्हॉल्यूमला जास्त जोरात वाजतं, आणि पहिले दोन महिने मी त्यालाच स्वच्छता समजत होतो.

दोन्हींच्या वायरची पिन एकाच जातीची असेल तर हे करा. एकाच वायरला डाव्या बाजूला कस्टम आणि उजव्या बाजूला युनिव्हर्सल लावा. ५०० हर्ट्झचा सलग सूर मोनोमध्ये लावा आणि बॅलन्स फिरवत सूर कपाळाच्या बरोबर मध्ये आणा. किती फिरवावं लागलं ते लिहून ठेवा. मग बाजू बदलून तेच पुन्हा करा, कारण आपल्या दोन कानांतही फरक असतो. दोन्ही आकड्यांच्या मधला आकडा धरा आणि पुढची सगळी तुलना तेवढा फरक ठेवूनच करा.

दुसरं, अदलाबदल करायला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि तेवढ्यात कानाची आठवण पुसट होते. म्हणून 'कोणतं भारी' असं विचारू नका. एकेक नेमका प्रश्न विचारा. डग्ग्याची मींड शेवटपर्यंत आली का? हार्मोनियम आणि गळा एकाच पट्टीत असताना वेगळे कळतात का? 'स' टोचला का? तंबोऱ्याच्या पहिल्या तारेतला पंचम किती वेळ टिकला? उत्तर लगेच वहीत लिहा.

तिसरं, बसून ऐकून झालं की उभं राहून, गात, मान हलवत ऐका. माझ्या वहीत बसलेल्या तुलनेत माझं साधं युनिव्हर्सल आणि कस्टम जवळजवळ बरोबरीत आहेत. वरच्या झंकारात तर मला युनिव्हर्सल थोडं जास्त आवडतं. उभं राहून, तोंड उघडून केलेल्या तुलनेत मात्र कस्टम सरळसरळ पुढे आहे.

इंटरनेटवरचे ग्राफ बघून निवड करू का?

कोणत्या स्वराला किती आवाज येतो ते दाखवणारे हे ग्राफ युनिव्हर्सलसाठी जरूर बघा, मात्र आठ हजार हर्ट्झपर्यंतच विश्वास ठेवा. ग्राफ धातूच्या एका ठरावीक नळीत मोजलेला असतो. त्यापुढचा भाग तुमच्या कानाच्या लांबीवर ठरतो, तो ग्राफमध्ये येत नाही. कस्टम त्या नळीत बसतच नाही. पुट्टीने चिकटवून मोजतात, त्यामुळे दोन जणांनी केलेली मोजणी जुळेलच असं नाही.

मिक्सर किंवा बेल्टपॅक (कमरेला लावायचा रिसीव्हर) बदलला की माझ्या कस्टमचा आवाज का बदलतो?

अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (इवलीशी पाती हलवून आवाज काढणारे) ड्रायव्हर असलेल्या इन-इअरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एका पट्ट्यात चार-पाच ओम, दुसऱ्यात तीस-चाळीस. मिक्सरच्या हेडफोन आउटचा स्वतःचा रोध जास्त असेल तर प्रत्येक पट्ट्याला वेगवेगळा विद्युतदाब मिळतो आणि जुळवणीच मोडते. ढोबळ नियम असा की आउटचा रोध इन-इअरच्या रोधाच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा. एकच डायनॅमिक (छोट्या स्पीकरसारखा) ड्रायव्हर असलेल्यांना हा त्रास जवळपास नसतो. दर कार्यक्रमाला वेगळा साउंडवाला, वेगळा मिक्सर, असं ज्यांचं काम आहे त्यांनी कस्टम घेतानाही एक-डायनॅमिकचा पर्याय जरूर विचारात घ्यावा.

इक्वलायझर लावून युनिव्हर्सल कस्टमसारखं करता येतं का?

जुळवणीतला फरक बराचसा भरून काढता येतो. आता बऱ्याच डिजिटल मिक्सरवर प्रत्येक ऑक्सला, म्हणजे एकेका कलाकाराच्या मॉनिटरकडे जाणाऱ्या वाटेला, वेगळा इक्वलायझर असतो. ६ ते १० हजारांमध्ये सूर हळूहळू वर नेत जायचं. जिथे अचानक टोचतो तिथे अरुंद पट्ट्यात ३-४ डेसिबल उतरवायचे. पण फटीतून जाणारा बेस इक्वलायझरने भरू नका. तोंड मिटलं की तो वाढवलेला बेस पूर्ण ताकदीने कानावर येतो.

कानाच्या आरोग्यासाठी कोणतं सुरक्षित?

जे घालून तुम्ही आवाज कमी ठेवाल ते. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचा दंडक आहे. म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. सील चांगलं असेल तर गोंगाटावर मात करायला आवाज वाढवावा लागत नाही.

एक कान उघडा ठेवून दुसऱ्यात इन-इअर घालणं मी रोज बघतो आणि बघून पोटात गोळा येतो. दोन्ही कानांनी मिळून जो आवाज पुरतो, तो एका कानाला पुरत नाही. म्हणून त्या एका कानात तुम्ही वाढवत नेता, आणि उघडा कान शेजारच्या ड्रमचा मार खातो. दोन्ही कान एकदमच जातात. कार्यक्रमानंतर कानात शिटी वाजत असेल तर पुढच्या वेळी पातळी खाली आणा. दुसऱ्या दिवशीही वाजत असेल तर श्रवणतज्ज्ञांना दाखवा. आणि मॉनिटर बघणाऱ्याला विचारा, माझ्या मिक्सला लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा) लावला आहे ना? माइक पडल्याचा एक धमाका पुरेसा असतो.

पावसाळ्यात आणि घामात काय काळजी घ्यायची?

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत कायम ओल असते. घट्ट झाकणाची डबी आणि त्यात सिलिका जेलची पुडी, एवढं पुरे. कार्यक्रम संपला की आधी कोरड्या कापडाने पुसा, मग डबीत ठेवा. एका बाजूचा आवाज बारीक झाला किंवा ट्रेबल गेलं की आधी इन-इअरच्या तोंडातला मळ बघा. दहातल्या आठ तक्रारी माझ्याकडे तिथेच मिटतात. तोंड खाली धरून मळ काढायच्या तारेच्या बारीक कडीने काढा. सुई घालू नका, आतली जाळी फाटते.

मुलगी चौदा वर्षांची आहे, स्पर्धांत गाते. तिला कस्टम करू का?

आत्ता नको. वाढत्या वयात कान बदलतो, वर्ष-दीड वर्षात सैल पडेल. चांगलं युनिव्हर्सल आणि योग्य टिप द्या, आणि आवाज कमी ठेवायची सवय लावा.

वापरलेलं कस्टम विकत घेता येतं का?

कवच दुसऱ्याच्या कानाचं असतं. काही कंपन्या आतले ड्रायव्हर नव्या कवचात बसवून देतात, पण तो खर्च आणि धोका धरला तर क्वचितच परवडतं. स्वतःचं विकायला गेलात तरी किंमत येत नाही, हे घेतानाच धरून चला.

मग मी नेमकं काय घ्यावं?

घरी ऐकायला किंवा रियाजाला: युनिव्हर्सल. दीड-दोन हजारांपासून आज खरोखर चांगले मिळतात, आणि कस्टमचे पाच आकडी पैसे फक्त आवाजासाठी घालावेत असं मला वाटत नाही.

महिन्यातून एखादा कार्यक्रम: युनिव्हर्सल आणि फोम टिपांची दोन-तीन पाकिटं.

आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम, उभं राहून गाणं, ड्रमशेजारी जागा: कस्टम घ्या. उघड्या तोंडाचा साचा, लांब नळी, साधा एक-दोन ड्रायव्हरचा नमुना. सहा-सात ड्रायव्हरच्या मॉडेलसाठी कर्ज काढू नका.

कोणतीच टिप कानात टिकत नाही असे काही जण असतात, त्यांची नळी फार अरुंद किंवा अंडाकृती असते. त्यांना घरच्या ऐकण्यासाठीही कस्टमच द्यावं लागतं.

कस्टम आलं, घातलं, पण आवाज पातळ लागतोय. परत पाठवू का?

आधी घालायची रीत तपासा. कवच थोडं पुढे झुकवून नळी आत घ्यायची आणि मग मागे फिरवत बसवायचं. वरचा कोपरा कानाच्या घडीत शिरला नसेल तर सील होत नाही, आणि नव्या माणसाचा हमखास तो कोपराच बाहेर राहतो. बसलं असं वाटलं की ५० हर्ट्झचा सूर लावा आणि तोंड उघडा-मिटा, मान फिरवा, हसून बघा. एका ठरावीक हालचालीला सूर पडत असेल तर ती हालचाल आणि बाजू लिहून कंपनीला कळवा: 'उजवा, तोंड दोन बोटं उघडल्यावर.' नुसतं 'नीट बसत नाही' लिहिलंत तर त्यांना कुठे भर घालायची ते कळत नाही. बहुतेक कंपन्या महिनाभराच्या आत कळवलं तर दुरुस्ती फुकट करतात, म्हणून दिवाळीनंतर बघू असं करू नका. आणि ते परत येईपर्यंतच्या कार्यक्रमांसाठी जुनं युनिव्हर्सल टिपांसकट बॅगेत राहू द्या. माझं आजही की-बोर्डच्या कव्हरच्या छोट्या कप्प्यात असतं.